वाढीव खोल्यांचे घर घेताना: सांगलीतील फसवणुकीचा अनुभव

सांगलीच्या शामरावनगर परिसरात आम्ही एक जुने बैठे घर विकत घेतले. मूळ घर पक्के आहे. मात्र मागच्या दोन खोल्या नंतर वाढवताना त्यांचा पाया काळ्या मातीत जेमतेम दोन फूट घेतला होता, ही गोष्ट विकणाऱ्याने आणि त्याच्या एजंटाने आमच्यापासून लपवली. व्यवहार पावसाळ्यात झाला. त्या दिवसांत काळी माती पाण्याने फुगते, भिंतींतल्या भेगा मिटतात, आणि ज्या उरल्या होत्या त्यांच्यावर पुट्टी व ताजा रंग चढवलेला होता. उन्हाळ्यात माती आटली, तेव्हा जुन्या व नव्या भिंतीच्या सांध्यात वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी फट पडली. इंजिनिअरने भिंतीलगत खड्डा घेऊन दाखवले की जुन्या घराचा पाया मुरमावर टेकलेला आहे, नव्या खोल्यांचा मुरमापर्यंत पोहोचलेलाच नाही. एक भाग स्थिर आणि दुसरा ऋतूनुसार वरखाली होणारा असल्यामुळे सांध्यात कितीही सिमेंट भरले तरी फट पुन्हा उघडणारच.

परवानगीबद्दल विचारले असता विकणाऱ्याने या खोल्यांच्या घरपट्टीची पावती दाखवली होती. या पावतीवर पुष्कळजण विसंबतात, म्हणून आवर्जून लिहितो: अनधिकृत बांधकामावरही महापालिका कर आकारते, आणि कर भरल्याने ते नियमित होत नाही. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हीच पाहण्याची कागदपत्रे. बँकेने कर्जासाठी मूळ घराचेच क्षेत्र धरले, तेव्हा ‘बँका नेहमी कमीच धरतात’ असे एजंटाने सांगितले. वस्तुतः या खोल्या नकाशात नव्हत्याच.

विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि त्याच आधारे आम्ही नोटीस दिली आहे. परंतु खरेदीखतात ‘घर पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतले’ असे वाक्य एजंटाने घालून घेतले होते, व त्याचाच आधार आता समोरचे वकील घेत आहेत. खरेदीखतात असे वाक्य राहू देऊ नका. वाढीव भाग कोणी, केव्हा आणि कोणत्या परवानगीने बांधला, हे विकणाऱ्याकडून त्यात लिहून घ्या.

असे घर घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. मात्र किंमत ठरवताना वाढीव खोल्यांचे मोल शून्य धरावे, त्या पाडण्याचा व उघडी पडणारी जुनी भिंत सावरण्याचा खर्च वजा करावा, शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत घर पाहावे आणि पायालगत खड्डा घेऊ देण्यास विकणारा तयार झाल्याशिवाय इसार देऊ नये.