'की आहे का?' हे आधी विचारणारं दुकान

लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेकडून चालत थोड्याच अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच बजावलंय, "ताई, चांगलं लिहा, पण नाव टाकू नका. एकटा माणूस आहे, गर्दी झेपत नाही." लॅमिंग्टन रोड ज्यांना ठाऊक आहे ते शोधून काढतीलच.

मी डोंबिवलीत जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. गेल्या महिन्यात १६ तारखेला रात्री लॅपटॉप अपडेट घ्यायला बसला आणि तीस टक्क्यांवर जाऊन थांबला. तासभर वाट पाहिली, मग कंटाळून पॉवरचं बटण दाबून धरलं. चूक माझीच, मान्य. पुन्हा चालू केला तर "ऑटोमॅटिक रिपेअरची तयारी", मग "तपासणी चालू आहे", मग "दुरुस्त करता आलं नाही". त्यातून पुढचे पर्याय उघडायला जावं, तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलुपाची, रिकव्हरी की मागायचा. की नाही म्हटलं की बंद, चालू केला की परत रिपेअर. पहाटे दीडपर्यंत मी हाच खेळ खेळत होते. आत चौदा क्लायंटांच्या हिशेबांचा टॅली डेटा, आणि २० तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख.

सकाळी घराजवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने तो उघडून दोन मिनिटं पाहिला आणि निकाल दिला, "मॅडम, विंडोज करप्ट. फॉरमॅट मारावं लागेल, आठशे." आणि डेटा? "डेटा जाणार." मी म्हटलं, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघ ना. त्याने लावलीही. ड्राइव्हवर कुलुपाचं चित्र आलं, आत काहीच दिसेना. मग आपल्या पेनड्राइव्हवरून चालू करायला त्याने सेटिंगमध्ये काहीतरी बदललं. त्यानंतर लॅपटॉप रिपेअरपर्यंतही पोचेना, चालू करताच थेट की मागू लागला. चेकिंगचे दोनशे रुपये घेतले ते वेगळेच.

मी कधी कुठलं कुलूप लावलेलंच नव्हतं, तर की कुठून येणार? डोक्यात हाच प्रश्न घेऊन डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, तिथून स्लो ट्रेनने ग्रँट रोड. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करा, दुकानाचे मालक काका खाली येऊन मशीन घेऊन जातात म्हणे. मला हे वर पोचल्यावर कळलं.

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. टेबलावर भिंग लावलेला दिवा, स्क्रूंच्या डब्या, आणि साठीचे एक गृहस्थ. मी सगळी कहाणी सांगितली. स्क्रू ड्रायव्हर जवळच पडला होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही. पहिला प्रश्न, "की आहे का?" दुसरा, "हा लॅपटॉप पहिल्यांदा सेट कुणी केला होता?"

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने केला होता. त्याने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून साइन इन केलं आणि नंतर माझं खातं जोडून दिलं. काकांच्या मते सगळा उलगडा तिथेच होता. विंडोजची होम आवृत्ती असली तरी बऱ्याच लॅपटॉपांवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे हेच डिस्कचं कुलूप, आपोआप चालू होतं, आणि पहिल्यांदा साइन इन करणाऱ्याच्या खात्यात की जाऊन बसते. मी माझ्या खात्यात सतरा वेळा शोधली, ती तिथे असणारच नव्हती. २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने टाकलेल्या विंडोजवर हे आणखी सरसकट होतं.

आणि रोज की न मागता तो सुरू कसा व्हायचा? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. मदरबोर्डवर टीपीएम नावाची चिप असते, ती सोसायटीच्या वॉचमनसारखी. रोजचा चेहरा दिसला की गेट उघडतो, तुम्हाला कळतही नाही. पण हेल्मेट घालून आलात की नाव, फ्लॅट नंबर, कुणाकडे जायचंय, सगळं विचारतो. बायॉस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) अपडेट, सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून मशीन चालू होऊ न देणारं सेटिंग) बंद करणं, मदरबोर्ड बदलणं, हे सगळं हेल्मेट. "सिक्युअर बूट कुणी बंद केलं?" त्यांनी विचारलं, आणि मी त्या पेनड्राइव्हवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. नुसतं सेटिंग परत चालू केलं, आणि लॅपटॉप पुन्हा आपल्या जुन्या रिपेअरच्या फेऱ्यात शिरला. "चला, आता निदान मूळ आजारावर आलो."

भाच्याला बंगळुरूला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. "मावशी, दहा मिनिटं." दहाची चाळीस झाली. त्याच्या खात्यात तीन की निघाल्या. पडद्यावर की आयडीची पहिली आठ अक्षरं दिसतात, ती जुळवून त्याने बरोबर एक निवडली. मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठव. तर त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप बंद, आणि फोनवर ते खातंच उघडेना. शेवटी तो वाचत गेला आणि मी लिहीत गेले. अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहाचे आठ गट. सुरुवातीला शहाण्यासारखा जोड्यांनी सांगायला लागला, "एकोणसत्तर, एकोणऐंशी." मी ओरडले, सुटा सुटा आकडा सांग! मराठी शाळेत शिकलोय म्हणून काय दोघांनी मिळून फसायचं?

की टाकली. चालली नाही. पुन्हा टाकली. नाही. तेव्हा काकांनी एक गोष्ट सांगितली, तिच्यासाठी मी या दुकानाला एक तारा जास्तच देते. म्हणाले, "ताई, तुमचं काम आकड्यांचं ना? प्रत्येक गटाला ११ने भाग जातो. करून बघा." पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. पहिला गट गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथा मी लिहिला होता ४१८०७८. ११ने भागला तर उत्तर पूर्णांकात येईना. फोनवर सात आणि आठ यांत घोळ झाला होता. ४१८०७७ केलं, भाग बरोबर ३८००७ वेळा गेला. (ही की आता रद्द झालीय, कुणी उत्साह दाखवू नये.) आणि की मला स्वतःला टाकायला लावली. ते खिडकीकडे तोंड करून चहा पीत उभे राहिले.

पुढचं काम तासाभराचं. कमांडची काळी खिडकी उघडून त्यांनी आधी ड्राइव्हची अक्षरं पाहिली, कारण दुरुस्तीच्या वेळी सी हा सीच असेल असं नाही. मग दुरुस्ती सोडून पहिलं काम माझ्या डेटाचं. काळ्या खिडकीतून नोटपॅड उघडलं, नोटपॅडच्या 'ओपन' खिडकीतून टॅलीचं फोल्डर उजव्या बटणाने कॉपी केलं आणि माझ्या बाहेरच्या डिस्कवर पेस्ट. इतकं साधं! चौदा क्लायंट सुखरूप डिस्कवर उतरले तेव्हा मी पाण्याची अख्खी बाटली रिकामी केली.

मग अर्धवट अडकलेलं अपडेट काढायचा प्रयत्न. मेन्यूतून निघालं नाही, डिझम नावाच्या विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांडने निघालं. बूट सेक्टर दुरुस्त करायला गेले तर "ॲक्सेस इज डिनाइड". त्यांनी हट्ट धरला नाही. डिस्कवर मशीन सुरू करणाऱ्या (बूट) फायलींचा १०० एमबीचा छोटा ईएफआय भाग असतो, त्याला एक अक्षर दिलं आणि बीसीडीबूट या कमांडने त्या फायली नव्याने लिहिल्या. रीस्टार्ट करण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवलं, नाहीतर वॉचमन पुन्हा अडवणार. आणि विंडोज सुरू झालं. माझ्या वॉलपेपरवरचा नातू हसत होता.

बोलता बोलता त्यांनी १९ जुलै २०२४ची आठवण काढली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली होती, आणि बिटलॉकर असलेल्या मशीनवर सेफ मोडमध्ये शिरायला हेच अठ्ठेचाळीस आकडे लागत होते. "मोठ्या मोठ्या कंपन्यांना की सापडत नव्हती, तुमचं काय घेऊन बसलात." हे सांत्वन होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. पण की नसती तर? त्यावर त्यांचं उत्तर सरळ होतं, "तर मी फॉरमॅट करून दिला असता आणि डेटा गेला म्हणून सांगितलं असतं. बिनाकीचा उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका."

एकूण बाराशे रुपये घेतले, नवीन की बनवून देण्यासकट. बिल मागितलं तर साध्या पावतीपुस्तकावर लिहून दिलं. जीएसटी नंबर विचारला तर हसले, "सेवेला वीस लाखांच्या आत नोंदणी लागत नाही, हे तुम्हालाच माहीत असायला हवं." गप्प बसले.

तक्रारी आहेत. फोन पहिल्या दोन वेळा उचलत नाहीत. दीड ते तीन दुकान बंद, आणि हे दारावर कुठेही लिहिलेलं नाही, मी तो वेळ जिन्यात घालवला. बसायला एकच स्टूल, त्यावरही प्रिंटर ठेवलेला. समजावून सांगतात खरं, पण चुकलेल्या विद्यार्थ्याला सांगावं तशा सुरात. भाच्याला तर फोनवर असं झापलं की तो मला संध्याकाळी विचारत होता, "मावशी, ते कोण होते?"

थ्रीबी २० तारखेला रात्री अकराला भरून झाल्या, लेट फी शून्य. नवीन की दोन कागदांवर छापलीय. एक बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत, एक भाच्याच्या आईकडे. साडेचार तारे. अर्धा त्या जिन्याचा कापला.