मुंबई नाक्यावरचे एन्डोस्कोपी केंद्र आणि योकोहामाचा अहवाल

माझा धाकटा भाऊ योकोहामात नोकरीला आहे. तिथल्या वार्षिक आरोग्यतपासणीत त्याची एन्डोस्कोपी झाली आणि अहवालात ‘बॅरेट्स अन्ननलिका’ असे निदान आले. ही कर्करोगपूर्व अवस्था मानली जाते एवढे कळताच आईची झोप उडाली, म्हणून तो दिवाळीला घरी आला तेव्हा नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका एन्डोस्कोपी केंद्रात आम्ही दुसरे मत घेतले.

घसा बधिर करणारा फवारा मारून तपासणी दहा मिनिटांत उरकली. परंतु या केंद्राचे मोल मला कळले ते त्यानंतर, डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून अर्धा तास समजावले तेव्हा.

जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे मूळ अस्तर जाऊन तिथे जठरासारखे लालसर अस्तर येते. अमेरिकी निकषांनुसार असा पट्टा किमान 1 सेंटिमीटरचा हवा आणि बायोप्सीत आतड्यासारख्या पेशी सापडायला हव्यात. जपानमध्ये यांपैकी एकही अट नाही. शिवाय अन्ननलिका नेमकी कुठे संपते हे इतरत्र जठराच्या वळ्यांवरून ठरवतात, तर जपानी डॉक्टर तिथल्या उभ्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या खालच्या टोकावरून ठरवतात. त्यामुळे काही मिलिमीटरचा पट्टाही तिथे नोंदला जातो. जपानी रुग्णांमध्ये आखूड पट्टे पुष्कळ आढळतात आणि 3 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टे फार विरळ, त्यामागे हेही एक कारण आहे. भावाचा पट्टा जेमतेम 6 मिलिमीटरचा निघाला.

कारणांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला सर्वांत मोलाचे वाटले. जपानच्या जुन्या पिढीत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग सर्रास होता. त्याने जठराचे अस्तर झिजे, आम्ल कमी तयार होई आणि अन्ननलिका काहीशी वाचे. तरुण पिढीत हा संसर्ग घटला, 2013 पासून या जंतूमुळे होणाऱ्या जठरदाहावरचा उपचारही तिथल्या आरोग्यविम्यात आला, आणि आम्ल वर येण्याच्या तक्रारी वाढल्या. हाच जंतू जठराच्या कर्करोगाचेही मोठे कारण असल्याने तो जाणेच हिताचे, यात मला शंका नाही. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे), वाढते वय आणि धूम्रपान ही कारणे तिथेही आहेतच. जपानमधले अन्ननलिकेचे बहुतेक कर्करोग मात्र अजूनही मूळ अस्तरातूनच, मुख्यतः दारू आणि तंबाखूमुळे होतात, हे ऐकून भावाने तिथेच सिगारेट सोडण्याचा शब्द दिला.

उणिवाही सांगायला हव्यात. दहाची वेळ दिलेली असताना उपाशीपोटी साडेअकरापर्यंत बसावे लागले, आणि बायोप्सीचे शुल्क वेगळे असल्याचे पैसे भरतानाच कळले. अहवालात छायाचित्र एकच होते. बाकीची मागितल्यावर लगेच मिळाली. परगावी किंवा परदेशी पुढचे उपचार घेणाऱ्यांनी ती निघण्यापूर्वीच मागून घ्यावीत.