मधुमेहाच्या डोळ्यांसाठी लेझर : आईच्या उपचारांचा अनुभव
मधुमेहामुळे आईच्या डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक, सहज फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या वाढल्याचे निदान झाल्यावर आम्ही पुण्यातील एका नेत्र रुग्णालयात लेझर उपचार घेतले. पडद्याच्या कडेच्या भागावर साधारण १२०० ते १६०० सूक्ष्म डाग देऊन तेथील प्राणवायूची गरज कमी केली जाते आणि त्यामुळे या रक्तवाहिन्या आक्रसतात. प्रत्येक डोळ्यासाठी तीन बैठका लागल्या. थेंब घालून डोळा बधिर केला होता, तरी शेवटच्या बैठकीत तिला बरेच दुखले. गेलेली दृष्टी परत येत नाही, असलेली टिकवायची असते, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले, याचे मला फार मोल वाटते. मात्र अंधारात कमी दिसू शकते, हे कोणीच सांगितले नाही. ते सांगायलाच हवे होते, कारण आई पहाटे एकटीच उठून घरात वावरते.