झ्विफ्टवरची रेस की एव्हरेस्टिंग?

घरात एका जागी सायकल चालवायचा ट्रेनर घेतलाय, आता झ्विफ्टवर (आभासी रस्त्यांवर सायकल चालवायचं अ‍ॅप) रेस मारू की एव्हरेस्टिंग करू, असं एका मित्रानं विचारलं.

वेळेचं म्हणशील तर बहुतेक रेस तासाभरात आटपतात. एव्हरेस्टिंगला एकच चढ पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टच्या उंचीइतके 8,848 मीटर भरायचे, मध्ये झोपायचं नाही. झ्विफ्टमधल्या आल्प द्यु झ्विफ्ट या चढावर साधारण साडेआठ फेऱ्या!

दम दोन्हीकडे निघतो, पण वेगळा. रेसमध्ये पहिल्या दोन मिनिटांतच छाती फुटायला येते. पंखा नसेल तर हँडलवरून घाम ठिबकतो. एव्हरेस्टिंगला पाय कसेबसे तग धरतात, बूड आधी बंड करतं. खाणं चुकलं की खेळ खलास.

रेसमध्ये जास्त वेग मिळावा म्हणून अ‍ॅपमध्ये स्वतःचं वजन कमी टाकणारे महाभाग भेटतात, ते सोड.

आठवड्याला तीन-चार तासच मिळत असतील तर रेस. सलग सहा तास चालवायची सवय असेल तरच एव्हरेस्टिंग, तेही आधी अर्धं, 4,424 मीटर.