मिडवे की ग्वादलकनाल?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या पॅसिफिक युद्धाचे पारडे नेमके कोठे फिरले, या प्रश्नाला बहुतेक जण मिडवे हेच उत्तर देतात आणि ते समजण्यासारखे आहे. कारण जून १९४२ मधील मिडवे बेटांजवळच्या त्या लढाईत जपानने अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू ही चार विमानवाहू जहाजे गमावली, तर अमेरिकेने त्या वर्गातील यॉर्कटाउन हे एकच. परंतु जपानचे बहुतांश अनुभवी वैमानिक मिडवेतून वाचले होते, शोकाकू आणि झुइकाकू ही विमानवाहू जहाजे अजून शिल्लक होती.

सॉलोमन बेटांपैकी ग्वादलकनाल या बेटावरील लढाईचे स्वरूप वेगळे होते. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात बेटावरील हेंडरसन या धावपट्टीसाठी चाललेल्या झुंजीत दोन्ही बाजूंच्या जहाजांची हानी जवळपास सारखीच झाली. मात्र अमेरिकी कारखाने ती भरून काढू शकत होते, जपानचे नव्हे. दूरच्या राबाउल या जपानी तळाहून उडणारे जपानी वैमानिक येथे हळूहळू संपत गेले, आणि ऑक्टोबरमधील सांताक्रूझच्या लढाईत हॉर्नेट हे अमेरिकी विमानवाहू जहाज बुडवूनही जपानने मिडवेपेक्षा अधिक वैमानिक व विमानकर्मी गमावले. मिडवेने जपानची आगेकूच रोखली हे खरेच, पण पुढाकार त्याच्या हातून निसटला तो, माझ्या मते, ग्वादलकनालमध्येच.