डोब्सोनियनला बायनोव्ह्यूअर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आभाळ भरून यायला लागलंय आणि दुर्बीण गच्चीवरून घरात आली आहे. २०२५च्या दिवाळीपासून वापरात असलेल्या बायनोव्ह्यूअरबद्दल लिहायला आता सवड आहे. माझी दुर्बीण ८ इंची डोब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. आरसा २०३ मिलिमीटरचा, फोकल लेंग्थ (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिलिमीटर. बघायची जागा बहुतेक वेळा पुण्यातली आमची गच्ची, क्वचित कधी वेल्ह्याकडची मोकळी माळरानं.

ज्यांनी हे उपकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी बसणारी ही दोन डोळ्यांची पेटी. आतला प्रिझम आरशाकडून आलेला प्रकाश निम्मा-निम्मा वाटतो आणि दोन्ही डोळ्यांना तेच चित्र दाखवतो. आयपीस अर्थातच जोडीने लागतात, तेही अगदी एकसारखे. माझ्याकडे २० मिलिमीटरची जोडी आहे आणि नंतर घेतलेली १० मिलिमीटरची.

डोब्सोनियनवाल्यांचा पहिला प्रश्न फोकसचा असतो, आणि तो रास्त आहे. प्रकाशाला या पेटीतून जवळजवळ १० सेंटिमीटर जास्त प्रवास करावा लागतो आणि आपला फोकसर, म्हणजे आयपीस आत-बाहेर सरकवणारा भाग, तेवढा आत जातच नाही. म्हणून पेटीच्या नाकात छोटा बार्लो (पट वाढवणारं भिंग) बसवतात, तो फोकस बाहेर ढकलतो. माझा १.६ पटीचा आहे. म्हणजे २० मिलिमीटरच्या जोडीने ९६ पट, १० मिलिमीटरच्या जोडीने १९२ पट. माझ्या जोड्यांनी ९६ पटीच्या खाली जायची सोय राहत नाही. माकसुटोव्ह किंवा श्मिट-कॅसेग्रेन प्रकारची दुर्बीण असेल तर आरसाच पुढे-मागे सरकतो, त्यामुळे बार्लोशिवायही बहुतेक वेळा फोकस मिळतो.

आता चंद्र. खरं तर याच्यासाठीच मी हा खर्च केला आणि पुन्हा करेन. ९६ पटीला अख्खा चंद्र नजरेत मावतो, कडेला थोडं काळं आभाळही उरतं. आठ इंची दुर्बिणीतून एका डोळ्याने चंद्र बघितला की डोळा दिपतो. इथे प्रकाश वाटला गेल्याने फिल्टरची गरज पडत नाही. पण खरा फरक वेळेचा आहे. एक डोळा मिटून बघताना चेहऱ्याचे स्नायू ताणलेले असतात, दोन-चार मिनिटांत डोळ्यातून पाणी येतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून, स्टुलावर नीट बसून मी तासभर एकाच भागावर थांबू शकतो, आणि थांबलं की दिसायला लागतं.

क्लेवियसचं उदाहरण घ्या. शुक्ल नवमी-दशमीला हे विवर प्रकाशात येतं, व्यास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. आत छोट्या विवरांची एक कमान आहे, मोठ्याकडून लहानाकडे उतरत गेलेली. ती एका डोळ्यालाही दिसते. पण दोन डोळ्यांनी बघत बसलं की कमानीच्या पुढचे बारीक ठिपके, तळावरच्या सुरकुत्या, कडेच्या भिंतीचं ढासळलेलं बांधकाम एकेक करून वर येतं. त्याच सुमारास दिसणारी सरळ भिंत, म्हणजे रूपेस रेक्टा, ११० किलोमीटर लांब. शुक्ल पक्षात तिची सावली पडते म्हणून ती काळी रेघ दिसते, आणि वद्य सप्तमीच्या आसपास तीच उन्हात उजळून पांढरी होते. दोन्ही रूपं मी याच पेटीतून बघितली. चंद्र गोल चेंडूसारखा तरंगताना दिसतो, हा अनुभव सगळ्यांनाच येतो. ती खरी खोली नव्हे, कारण दोन्ही डोळ्यांना एकाच आरशाचं चित्र मिळतं. मेंदू ती खोली भरून काढतो. तरी आनंद खराच आहे.

जानेवारीत गुरू मिथुन राशीत होता आणि पुण्याहून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर यायचा. एवढ्या उंचीवर मध्ये हवेचा थर कमी, आणि गच्चीचा स्लॅब थंड झाला की चित्र विलक्षण स्थिर व्हायचं. १९२ पटीला पट्ट्यांच्या कडेची वेटोळी, मोठा लाल डाग, गुरूच्या एखाद्या चंद्राची ठळक काळी सावली. मला डोळ्यात तरंगणारे धागे दिसतात. जास्त पटीला एका डोळ्याने बघताना ते ग्रहावरूनच फिरायचे. दोन डोळ्यांत त्यांची जागा वेगवेगळी, त्यामुळे मेंदू ते बाजूला सारतो. चाळिशी उलटलेल्या कुणालाही मी फक्त या एका कारणासाठी हे उपकरण सुचवेन. शनीची कडी नोव्हेंबरात जवळजवळ आडवी होती, सुईसारखी रेघ दिसायची. तीही याच्यातून जास्त ठाम दिसली.

अंधूक गोष्टींचं मात्र वेगळं आहे. प्रत्येक डोळ्याला निम्मा प्रकाश म्हणजे साधारण ०.७५ प्रतीची (तेजस्वितेच्या मापाची) घट. एकेका डोळ्यापुरती आठ इंची दुर्बीण साडेपाच इंचीएवढी उरते. बारकावे आठ इंचीचेच राहतात, उजेड मात्र कमी होतो. दोन डोळे मिळून काही भरपाई करतात, पण पूर्ण नाही. वेल्ह्याला एम ५१ दीर्घिकेच्या सर्पिल भुजांचा एका डोळ्याने अंदाज येत होता, बायनोव्ह्यूअर लावल्यावर तो गेला. मृगातल्या तेजोमेघाचे पंख आखूड झाले. कृत्तिका तर मावतच नाहीत. याला अपवाद ओमेगा सेंटॉरी. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला कमी उंचीवर दिसणारा हा तारकागुच्छ भरपूर तेजस्वी आहे. दोन डोळ्यांनी बघितल्यावर त्याच्या मध्यभागापर्यंत तारे सुटे व्हायला लागले आणि मी बाकीची यादी त्या रात्री बाजूला ठेवली.

पुण्यातल्या गच्चीवरून दीर्घिका तशाही दिसत नाहीत. शहराच्या उजेडात आपल्याला चंद्र, ग्रह, जोडतारे आणि मोजके गुच्छच मिळतात, आणि तिथेच हे उपकरण सगळ्यात चांगलं चालतं. वर्षातल्या बहुतेक रात्री गावाबाहेर अंधाऱ्या आकाशाखाली काढत असाल, तर हेच पैसे एका चांगल्या रुंद आयपीसला घाला.

रोजच्या वापरातल्या गोष्टी. पेटी आणि दोन आयपीस मिळून नळीच्या तोंडाशी बरंच वजन येतं, नळी झुकते. लोखंडी नळीच्या मागच्या टोकाला चुंबकाची वजनं चिकटवली की भागतं. आयपीस स्क्रूने पकडणाऱ्या पेटीत एक स्क्रू जास्त आवळला गेला की आयपीस कलतो आणि एकाचे दोन गुरू दिसतात, म्हणून चारी बाजूंनी सारखी पकडणारी, कडं फिरवून आवळायची पेटी घ्या. फोकस आधी उजव्या डोळ्याचा फोकसरने, मग डाव्याचा त्याच्या आयपीसच्या कड्याने. हात न लावता ग्रह मिनिटभरात निसटतो, तेव्हा हलकं ढकलत राहावं लागतं.

पाहुणे आले की प्रत्येकासाठी डोळ्यांतलं अंतर जुळवावं लागतं. माझ्या पेटीत ते ५५ मिलिमीटरच्या खाली जात नाही, म्हणून लहान मुलांना मी साधा आयपीसच लावून देतो. आईला एका डोळ्याने कधीच नीट बघता आलं नव्हतं, दरवेळी "काही दिसत नाही रे" म्हणून बाजूला व्हायची. शुक्ल अष्टमीला तिला याच्यासमोर बसवलं. अंतर जुळल्यावर ती काही बोलली नाही. मग हाताने मला मागे सारून म्हणाली, "थांब, मला बघू दे." शेजारचे जिन्यात रांगेत उभे होते, तरी ती उठली नाही. तिरळेपणा असलेल्यांना किंवा एक डोळा अधू असलेल्यांना दोन चित्रं एक करता येत नाहीत, त्यांनी आधी कुणाच्या तरी पेटीतून बघून मगच ठरवावं.

पावसाळ्यात प्रिझमला बुरशी लागली तर घरी काढता येत नाही. मी पेटी आणि आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलेत. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा डब्यात.