सीए स्टोअरमध्ये हीटर नसलेला ऑक्सिजन सेन्सर: घ्यावा का?

मी सांगलीचा, पण नोकरी हिमाचलात, सफरचंदांच्या सीए स्टोअरच्या (कंट्रोल्ड अॅटमॉस्फिअर, म्हणजे आतली हवा नियंत्रित ठेवणारं शीतगृह) देखभालीची. हवाबंद खोलीत तापमान ०-१ अंश आणि नायट्रोजन सोडून ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून २-३ टक्क्यांवर आणून ठेवायचा, एवढंच काम. पण ऑक्सिजन जास्त खाली गेला की फळ आतून आंबतं, दारूसारखा वास मारतं, आणि बागायतदार आमच्या नावाने खडे फोडतो.

आमच्याकडे आजवर गॅल्व्हॅनिक सेलचे (ऑक्सिजनच्या रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या विजेवरून मोजणारे) मीटर. भरवशाचे आहेत, पण आतलं शिसं झिजत जातं आणि सेल बदलण्याचा खर्च चुकत नाही. झिर्कोनिया या सिरॅमिकचा सेन्सर तर शेकडो अंशांना तापवावा लागतो. म्हणून एका छोट्या कंपनीचा (नाव मुद्दाम देत नाही) झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचा सेन्सर मागवला. ऑक्सिजनचे रेणू कणांवर चिकटतात, इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि थराचा विजेला होणारा रोध वाढतो. नेहमीच्या टिन ऑक्साइडच्या सेन्सरला यासाठी ३०० अंशांच्या आसपास तापवतात. इथे ते काम अतिनील एलईडी करतो. वीज इतकी कमी लागते की बॅटरीवर आरामात चालतो. टेबलावर नायट्रोजन सोडला तर आकडा झटकन उतरला. खूश झालो.

स्टोअरमध्ये मात्र नखरे सुरू. थंडीत चिकटलेला ऑक्सिजन लवकर सुटत नाही, त्यामुळे आकडा रेंगाळतो. त्यात आत आर्द्रता ९०-९५ टक्के. पाण्याचे रेणू ऑक्सिजनच्या जागा बळकावतात. पण खरी गोम वेगळीच आहे. सफरचंद इथिलीन (फळं पिकवणारा वायू) सोडतं, आणि आंबायला लागलं की अल्कोहोल. हे दोन्ही वायू थराला इलेक्ट्रॉन परत देतात, रोध घटतो, आणि मीटरला वाटतं ऑक्सिजनच कमी झाला! भरलेल्या खोलीत हा सेन्सर गॅल्व्हॅनिक मीटरपेक्षा कायम खालचा आकडा दाखवत होता. रिकाम्या खोलीत दोघांचं बऱ्यापैकी जुळलं. माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, ‘सर, पुन्हा कॅलिब्रेट करा.’ अहो, कशाच्या मापाने?

चूक निदान सावध बाजूची आहे, हे कबूल. फळ आंबायला लागलं तर हा उलट आधीच ओरडेल. पण नायट्रोजन किती सोडायचा हे ठरवायला आकडा अचूक लागतो, तिथे हा कामाचा नाही. आणि माणूस आत पाठवताना तर अजिबात नाही. २ टक्क्यांच्या हवेत दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. तिथे तपासलेला मीटरच हवा, १९.५ टक्क्यांच्या खाली अलार्म देणारा.

सध्या तो नायट्रोजन जनरेटरच्या खोलीत लावलाय, नेहमीच्या अलार्मच्या जोडीला. तिथली हवा कोरडी, फळांचा वास नाही, आणि गळती झाली तर कळावं एवढीच अपेक्षा. तेवढ्यासाठी पाचापैकी तीन तारे. इथिलीन गाळणारी जाळी बसवून दिली तर दुसरा घेईन, पण आहे त्या किमतीला नाही.